पाचवी सुरी

"कुणाचा उद्योग आहे हा?"

"कसला?"

"सुरीचा! माझं बोट बघ. टोमॅटो कापायला घेतला, तो राहिला बाजूला आणि अंगठाच कापला गेला."

"दाबून धर. आणि हात वर कर, डोक्याच्या वर."

"मला नको शिकवूस. मी दातांची डॉक्टर होणार आहे."

"मग कर की वर."

"आधी सांग, धार कुणी लावली?"

"मी. परवा आले ना, त्याच संध्याकाळी. पाचही सुऱ्यांना."

"का पण?"

"बोथट होत्या."

दातवालीनं अंगठा नळाखाली धरला होता. बेसिनमधल्या उष्ट्या बशीत लाल पाणी साठत होतं. आवाज ऐकून वकीलबाई तोंडात ब्रश तसाच ठेवून बाहेर आली. तिनं बशी बघितली, अंगठा बघितला आणि मग नव्या पोरीकडं बघितलं. नवी पोरगी शांतपणे टोमॅटोच्या उरलेल्या फोडी करत होती, कागद कापावा तशा.

या नव्या पोरीला तिच्या गावी सगळे थोरली म्हणत. खाटकाची थोरली. पाठीवर दोन बहिणी. वयाच्या अकराव्या वर्षापासून एकोणिसाव्यापर्यंत ती बापाच्या दुकानात ठोकळ्यापाशी उभी राहिली होती. उजव्या हाताची नखं कायम आखूड, मनगटं पोरींच्या मानानं जाड. बोलणं मोजकं, आणि जे बोलायची तेही समोरच्याला नीट बसायचं.

घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि बाल्कनी म्हणायची म्हणून म्हणायची अशी सिमेंटची चिंचोळी पट्टी. राहणाऱ्या चौघी. वकीलबाई कायद्याच्या शेवटच्या वर्षाला. भाड्याचा करार तिच्या नावावर, म्हणून घरात तिचा शब्द शेवटचा. दातवालीचं आत्ताच कळलं. तिसरी चिमणी. बारीक चणीची, इमारतींचे नकाशे काढायला शिकणारी. तिच्या पेन्सिलींना घरातल्या कुठल्याही सुरीपेक्षा जास्त टोक असायचं. आणि चौथी ही थोरली, तीन दिवसांची पाहुणी.

पाहुणीच म्हणायची. कारण घराचा एक नियम होता. नवी आलेली मुलगी महिनाभर राहणार. तिसाव्या दिवशी बाकीच्या तिघी बसणार. तिघींनी हो म्हटलं तर तिला स्वतःची किल्ली. एकीनं जरी नको म्हटलं तरी तिनं संध्याकाळपर्यंत बॅग भरायची. आधीची पोरगी अंघोळीला तास तास लावायची, म्हणून 'नको' येणार हे ओळखून अठ्ठाविसाव्या दिवसापासूनच सामान बांधून बसली होती.

थोरलीला इथून उठून चालणार नव्हतं. या आधी तीन दारं झाली होती. पहिल्या ठिकाणी अंगाला मटणाचा वास येतो म्हणून नको. दुसऱ्या ठिकाणी बापाचा धंदा विचारला आणि खोली एकाएकी भावाच्या मित्राला दिली गेली. तिसऱ्या ठिकाणी कारणच सांगितलं नाही. कॉलेजचं वसतिगृह भरलेलं. बाप फोनवर म्हणाला होता, "हा एक महिना बघ. नाही जमलं तर ये सरळ. ठोकळ्यापाशी तुझी जागा कुणी घेतलेली नाही." मायेनं म्हणाला होता. तेच तर तिला झोपू देत नव्हतं.

शिकायला आली होती ती कृत्रिम हातपाय बनवायला. त्याचीही गंमत आहे. गावातल्या लाकडाच्या वखारीत एक करवतकरी होता. पट्टा तुटून करवत त्याच्या मांडीत शिरली, पाय गेला. कुणीतरी त्याला लाकडी पाय आणून दिला. दर आठवड्याला तो मटणाला यायचा, तेव्हा तो गेल्यावरही त्याच्या गुडघ्याची कुरकुर ऐकू यायची. थोरलीनं एकदा त्या गुडघ्याला बकऱ्याची चरबी चोळून दिली. चोळता चोळता म्हणाली, "मामा, बकऱ्याचा गुडघा याच्यापेक्षा बरा वाकतो की." करवतकरी म्हणाला, "मग बकऱ्याचाच बसव." सगळं दुकान हसलं. ती हसली नाही. पुढं कधीतरी असे पाय बनवायला शिकवणारं कॉलेज असतं हे तिला कळलं, आणि गावाला एक विनोद मिळाला: बाप पाय तोडतो, पोरगी जोडते.

"परत बोथट कर सगळ्या," वकीलबाईनं ब्रश काढून हुकूम सोडला.

"काय?"

"जशा होत्या तशा कर. आज अंगठा गेला, उद्या कुणाचं बोट जाईल."

"ताई, बोथट सुरीनंच जास्त लागतं. दाबावी लागते, मग घसरते."

"चार वर्षं आम्ही त्याच वापरतोय, कुणाला लागलं नाही. तुझ्या एका धारेनं तीन दिवसांत रक्त काढलं. लावता येते ना? मग काढताही येत असेल."

चूक थोरलीचीच होती. तिच्या दुकानात धार लावणारा माणूस सुरी हातातून खाली ठेवत नाही. आधी मोठ्यानं ओरडतो, "धार लागली!" मग दुकानातल्या एकूण एक माणसानं उत्तर द्यायचं, "ऐकलं!" गल्ल्यावरच्या आईनं, मागं पाणी ओतणाऱ्या बहिणीनं, सगळ्यांनी. शेवटचं 'ऐकलं' आलं की मगच सुरी ठोकळ्यावर टेकवायची.

ही पद्धत काकाच्या बोटांनी घालून दिली होती. थोरली तेव्हा सात वर्षांची. बापानं दुपारी सत्तुराला धार लावली आणि जेवायला गेला. काकाला ठाऊक नव्हतं. जुन्या धारेच्या सवयीनं त्यानं सगळा जोर लावून घाव घातला. सत्तूर हाडातून लोण्यासारखा गेला, हाड घसरलं, आणि घाव हाड धरणाऱ्या हातावर आला. दोन बोटं भुशात पडली. एक सापडलं, दुसरं कुत्र्यानं नेलं. काका तसाच कुत्र्यामागं धावला, रक्ताची धार सांडत, शिव्या देत, पार विहिरीपर्यंत. लोक अजून सांगतात तेव्हा हसतात. काकाही हसतो.

इथं धार लावली तेव्हा घरात चिटपाखरू नव्हतं. ओरडायचं कुणाला? आणि नंतर सांगायचं तिच्या मनातही आलं नाही, कारण तिच्या घरी पाच वर्षांचं पोरही सुरी उचलली की आधी नखावर टेकवून बघतं. सगळं जग तसंच करत असेल, अशी तिची समजूत.

त्या दुपारी ती सुऱ्या घेऊन बाल्कनीत बसली. सिमेंटच्या कडेवर एकेकीची धार घासून मोडली. करकर आवाज निघत होता. पोटच्या पोराचे दात पाडावेत तसं तिला होत होतं. चार झाल्या. पाचवी लांबडी, काळ्या मुठीची, कधीच्या काळी राहून गेलेल्या कुणा पोरीची. पोलाद चांगलं होतं. असं पोलाद बापाच्या दुकानातही एकच होतं. तिनं ती कडेवर टेकवली, उचलली, परत टेकवली. हात पुढं सरकेना. शेवटी फडक्यात गुंडाळून वरच्या फळीवरच्या मोठ्या ताटांच्या मागं सारली.

"झालं?" वकीलबाईनं विचारलं.

"झालं."

"पाचही?"

"हो."

बापानं तिला आयुष्यात एकदाच मारलं होतं, सुऱ्याच्या पात्यानं, आडवं. बकऱ्याचं पित्त फोडून मटण कडू केलं होतं म्हणून नव्हे, तर मी नाही फोडलं असं म्हणाली म्हणून.

सकाळी सहा ते दहा ती बाजारातल्या एका मटणाच्या दुकानात काम करायची, रविवारी एकपर्यंत. मालकाला सगळे उस्ताद म्हणत. पहिल्या दिवशी उस्तादनं तिच्यापुढं आकड्याला अर्धं जनावर टांगलं आणि स्वतः चहाचा कप घेऊन बसला. बाकीची गडीमाणसं कामं टाकून तमाशा बघायला उभी राहिली. थोरलीनं सत्तूर मागितलाच नाही. बोटानं चाचपून सांधा शोधला, आखूड सुरीचं टोक आत घातलं, दुसऱ्या हातानं पाय उचलून बाहेरच्या अंगाला पिळला. टचकन आवाज झाला आणि पाय हातात आला. हाडाचा एक कपचा नाही.

"कोणी शिकवलं?"

"बापानं. हाड तोडलं की कपचे गिऱ्हाईकाच्या घशात जातात."

त्या दुकानात एक आडदांड गडी होता, त्याला रेडा म्हणत. दोन दिवस तो येता-जाता हिला कोपर मारायचा, तिसऱ्या दिवशी कमरेला चिमटा काढला. थोरलीनं मागं वळून न बघता त्याची बाही धरली, वर उचलली आणि आकड्यात अडकवली. आकडा बाहीतून जाऊन दंडाचं कातडं घेऊन वर निघाला. रेडा चवड्यांवर उभा, हात वर, रक्त काखेत उतरतंय, आणि हालला की आणखी फाटतंय.

"काढ की!" तो किंचाळला.

"हातातली मांडी होऊ दे," ती म्हणाली.

उस्तादनं त्या दिवशी तिच्यासाठी वेगळा चहा सांगितला. रेडा पुढं तिला 'मालकीणबाई' म्हणायला लागला. अर्धा चिडून, अर्धा मनापासून.

दुकानातला वास घरात नको म्हणून ती जिन्यातच चपला काढायची. एप्रन बाल्कनीत धुवायची. अंघोळ केल्याशिवाय कुठल्या भांड्याला हात लावायची नाही. दातवालीचा अंगठा भरत आला. चिमणीनं तिला स्वतःच्या टेबलाचा अर्धा कोपरा दिला. गाडं रुळावर येत होतं.

मग रविवार आला.

दुपारी दोनला बेल वाजली. वकीलबाईनं दार उघडायच्या आधी एक विचित्र काम केलं. कपाटातून मिक्सर काढला, झाकण लावलं आणि चालू केला. भांडं रिकामं होतं.

"काय वाटताय, ताई?" थोरलीनं ओरडून विचारलं.

"काही नाही."

आत आला तो चिमणीचा दादा. इस्त्रीचा शर्ट, पॉलिशचे बूट. गाड्यांचे सुटे भाग विकण्याच्या कंपनीत होता. स्वयंपाकघरात डोकावला, सुऱ्यांच्या लाकडी स्टँडवर नजर फिरवली, काहीतरी शोधल्यासारखी. मग चिमणीच्या खोलीत गेला आणि दार लोटलं. मिक्सर घरघरत राहिला. त्या घरघरीखालून भिंतीवर काहीतरी आपटल्याचा आवाज आला. मग कपाटाचा पत्रा वाजला. मग परत भिंत. दातवाली पुस्तकातल्या एकाच ओळीकडं बघत बसली होती. वकीलबाईचा हात मिक्सरच्या बटणावर.

दहा मिनिटांनी दादा बाहेर आला. गटागट पाणी प्यायला. "येतो हं," म्हणाला, "लक्ष असू द्या तिच्यावर. लहान आहे." आणि गेला.

चिमणी बाहेर आली तेव्हा ओठ फाटलेला आणि एक कान लालभडक. दातवालीनं तिला खिडकीपाशी नेऊन तोंड उघडायला लावलं, दात हलवून बघितले. "हा हलतोय. आठवडाभर त्या बाजूनं चावू नकोस." दर रविवारची गोष्ट असावी तसं.

"कशाला मारतो?" थोरलीनं विचारलं.

"कशाला मारत नाही ते विचार," चिमणी म्हणाली. "फोन बघितला म्हणून, नाही दाखवला म्हणून. वहिनीला तिसरं होणार आहे, घरी ये आणि पोरं सांभाळ म्हणतो. मी म्हणते, दोन वर्षं राहिलीत."

"पोलिसांत का नाही जात?"

उत्तर वकीलबाईनं दिलं. घरमालक खालच्या मजल्यावर राहतो. मागच्या वर्षी शेजाऱ्यांनी पोलीस बोलावले, तेव्हा त्यानं बजावलं: पुन्हा जिन्यात पोलिसाचे बूट वाजले की चौघींनी खोली खाली करायची. "म्हणून मिक्सर," ती म्हणाली. "शेवटचं वर्ष आहे माझं. तू हा महिना गप्प काढ."

चिमणी ओठ पुसत म्हणाली, "आज सुरी नाही मिळाली त्याला, एवढं बरं झालं. दर वेळी ती लांबडी आणतो. माझ्या मनगटावर फिरवतो. याच हातानं नकाशे काढतेस ना, म्हणतो."

"आणि?"

"आणि काय? ती पावसुद्धा कापत नाही. त्यालाही माहितेय. नुसतं नाटक."

थोरली उठली, ताटांमागून सुरी काढून बाल्कनीकडं निघाली, तर तिथं वकीलबाई कपडे वाळत घालत उभी. पाचही बोथट केल्या म्हणून सांगून झालेलं. आता हिच्यासमोर पाचवी घासायची म्हणजे तिसाव्या दिवसाचं 'नको' आजच घ्यायचं. थोरली माघारी फिरली. उद्या करू, मनाशी म्हणाली. सोमवारी कॉलेजात प्लास्टरचे साचे काढायचे होते. मंगळवारी दातवाली दिवसभर घरात. बुधवारी विसरली. सुरी ताटांमागंच आहे ना, कोण जातंय तिथं, अशी स्वतःची समजूत घालून घेतली.

शनिवारी दातवाली तिथं गेली. तिला मोठं ताट हवं होतं. फडक्यातली सुरी मिळाली. ही इथं कशी, म्हणून तिनं ती नेटकेपणानं स्टँडमध्ये लावली. बोथट आहे हे तर तिला ठाऊकच होतं.

दुसऱ्या रविवारी थोरली बाल्कनीत एप्रन पिळत होती. बेल वाजली, मिक्सर सुरू झाला. तिनं दात आवळले आणि पिळत राहिली. एप्रनमधून पाणी संपलं तरी पिळत राहिली. मग एप्रन खांद्यावर टाकून आत आली, तर टेबलावर मोठं ताट पालथं पडलेलं. तिनं फळीवर हात घातला. भिंत लागली.

"लांबडी कुठाय?"

"काय?" दातवालीला मिक्सरमध्ये ऐकू गेलं नाही.

"सुरी! लांबडी!"

"स्टँडमध्ये लावली की मी. दादा घेऊन गेला असेल आत."

मिक्सरच्या वर चढलेली किंकाळी त्याच क्षणी आली.

थोरलीनं दार लाथेनं उघडलं. चिमणी टेबल आणि भिंतीच्या मधे खाली बसली होती. उजवं मनगट उघडं पडलेलं, पांढरं दिसत होतं, आणि बघता बघता त्या पांढऱ्यावर लाल चढलं. रक्त नकाशाच्या कागदावर, खुर्चीवर, भिंतीवर हातभर उंच. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट कुणाचं नसल्यासारखं लोंबत होतं. दादा सुरीकडं बघत उभा होता, तोंड उघडं.

"ही कापत नव्हती," तो म्हणाला. "ही कधीच कापत नव्हती."

मग त्याला दारात थोरली दिसली, आणि घाबरलेल्या माणसाला जसा येतो तसा राग आला. "तू कोण गं? बाहेर हो!" तो सुरीसकट अंगावर आला. पहिला वार तिनं डाव्या हातावर घेतला. कोपरापासून खाली कातडं उकललं. ही धार किती चांगली लागली होती ते तिला तेव्हा कळलं, कारण दुखलं नाही.

दुसऱ्या वाराला त्यानं हात वर नेला. थोरलीनं एका हातानं मनगट धरलं, दुसरा काखेत घातला आणि आकड्याला टांगलेलं जनावर समोर असल्यासारखं केलं. उचलायचं, बाहेर पिळायचं, खाली दाबायचं. टचकन आवाज झाला. दादा ओरडला, पण ओरडण्याआधी क्षणभर नुसता तोंड वासून राहिला. हात खुंटीवरच्या शर्टासारखा लोंबला. सुरी पलंगाखाली गेली. तो डाव्या हातानं तिचे केस धरायला आला, तेव्हा तिनं त्याला पोटात गुडघा घालून जमिनीवर घेतलं, मानेवर पाय दिला आणि वाकून सांगितलं, "हलू नकोस. दुसरा खांदा अजून जागेवर आहे."

तो हलला नाही. आईगं आईगं करत रडायला लागला.

मिक्सर अजून चालूच होता. वकीलबाई दारात उभी, पांढरीफटक. थोरली ओरडली, "बंद कर ते!" पण बंद करावा लागला नाही. मोटरनं जळका वास सोडला, दोन आचके दिले आणि मिक्सर आपणहून मेला. एकदम शांतता झाली. त्या शांततेत खालच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवल्याचं ऐकू आलं.

थोरलीनं पाय काढला आणि एप्रनच्या बंदानं चिमणीचा दंड आवळला. दादा उठला, लोंबता हात दुसऱ्या हातात धरून धडपडत जिना उतरला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कशानं झालं?"

"पाव कापताना," वकीलबाई लगेच म्हणाली. टॅक्सीत सगळं ठरलं होतं. पोलीस नकोत, घरमालक नको.

डॉक्टरीणबाईंनी चिमणीचं मनगट बघितलं, मग थोरलीचा हात बघितला. "दोघी एकच पाव कापत होतात का?"

वकीलबाईनं थोरलीच्या पाठीला चिमटा घेतला. थोरलीला सगळं दिसत होतं. खरं बोललं की पोलीस, पोलीस आले की घरमालक, आणि घर राहिलं तरी वकीलबाईचं 'नको' पक्कं. मग बाप, आणि ठोकळा.

"तिच्या भावानं कापलं," ती म्हणाली. "मलाही त्यानंच. त्याचा खांदा मी काढला. आणि सुरीला धार मी लावली होती. बोथट केली म्हणून घरात खोटं सांगितलं. हे पण लिहा."

चिमणीनं डोळे मिटून घेतले.

पोलीस आले, दोन दिवस जिन्यात बूट वाजले. दादाला धरलं, खांदा बसवला, आठवड्यानं जामिनावर सोडलं. घरमालक वर आला, हात नाचवत. "मी सांगितलं होतं! आजच्या आज सगळ्या..."

पुढचं त्याच्या बायकोनं बोलू दिलं नाही. ती त्याच्या मागून जिना चढून आली होती, हातात वाफाळता चहाचा कप तसाच. "वर्षभर माझ्या डोक्यावर दर रविवारी मिक्सर चालतोय," ती म्हणाली. "या पोरी काय वाटतात, ते मला कळत नव्हतं असं वाटतं तुम्हाला? चला खाली. यांना काढायचं असेल तर आधी मला काढा."

घरमालक खाली गेला. जाताना मिक्सरबद्दल काहीतरी पुटपुटला.

म्हणजे घर वाचलं. थोरलीचं मात्र वाचलं असं कुणी म्हणालं नाही. चिमणीच्या बोटांच्या शिरा शिवल्या होत्या. बोटं वळतील की नाही, तीन महिन्यांनी कळणार. थोरलीनं कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये तिच्या हातासाठी एक पट्टी बनवली, बोटं हव्या त्या कोनात धरणारी, आणि कुणाशी न बोलता तिच्या उशाशी ठेवली. चिमणीनं ती घातली. दोन आठवडे त्या घरात फक्त भांडी बोलत होती.

तिसाव्या दिवशी सकाळी साडेपाचला तिघी टेबलाशी बसल्या. थोरलीला कामावर जायचं होतं, म्हणून इतक्या लवकर. ती दाराशी उभी राहिली. बॅग रात्रीच भरून ठेवली होती.

"मी हो म्हणते," दातवाली म्हणाली. "सुरी स्टँडमध्ये मी लावली होती. हिला काढायचं तर मलाही काढा."

"तुला कशाला काढायचं? तुला माहीत नव्हतं." वकीलबाई थोरलीकडं वळली. "तू माझ्या तोंडावर खोटं बोललीस."

"हो."

"मी विचारलं होतं, पाचही?"

"हो, ताई."

"मी वर्षभर मिक्सर चालवला," वकीलबाई म्हणाली. "मी चिमणीच्या मागं. ती म्हणेल ते."

चिमणी पट्टीतल्या बोटांकडं बघत होती. "मला अजून पेन्सिल धरता येत नाही," ती म्हणाली. "रोज सकाळी उठले की आधी तुला शिव्या देते. मग त्याला. आधी तुला."

थोरलीनं बॅगेचा पट्टा खांद्यावर घेतला.

"थांब की! कुठं निघालीस?" चिमणी म्हणाली. "शिव्या द्यायला समोर कुणीतरी पाहिजे. राहा. पण त्या चार सुऱ्या आहेत ना, त्यांनी डाव्या हातानं माझ्याकडून काही कापलं जात नाही. दाबायला जोर लागतो. लाव त्यांना धार. आणि या वेळी सांग."

पाचवी सुरी पोलिसांकडं होती. थोरलीनं बॅग खाली टाकली, तिच्यातून धारेचा दगड काढला, नळाखाली ओला केला. खरं तर वेळ नव्हता. तिनं चारही लावल्या, एकेक नखावर टेकवून बघितली. चौथी हातात धरून ती स्वयंपाकघराच्या मधोमध उभी राहिली आणि सगळी इमारत जागी होईल एवढ्यानं ओरडली, "धार लागली!"

दातवालीनं कानांवर हात ठेवले.

"ऐकलं म्हणायचं असतं," ती म्हणाली. "नाहीतर मला ही खाली ठेवता येत नाही. उशीर होतोय."

"ऐकलं बाई," दातवाली म्हणाली.

"ऐकलं," चिमणी.

वकीलबाई दात घासायला गेली होती. थोरलीला पुन्हा एकदा ओरडावं लागलं. न्हाणीतून फेसभरल्या तोंडाचं काहीतरी आलं. तिनं ते ऐकलं म्हणून धरलं, सुरी स्टँडमध्ये लावली, टेबलावरची किल्ली उचलली आणि जिना उतरली.

दुकानात पोचली तेव्हा सव्वासहा झाले होते. "मालकीणबाई उशिरा," रेडा म्हणाला. समोरच्या फुटपाथवर दादा उभा होता, हात गळ्यात बांधलेला. ती बघतेय हे त्याला दिसलं. तिनं आकड्यावरचं अर्धं जनावर आपल्याकडं फिरवलं, खुब्यापाशी बोट फिरवून सांधा शोधला आणि सुरीचं टोक आत घातलं. पुन्हा वर बघितलं तेव्हा फुटपाथ रिकामा होता. पहिलं गिऱ्हाईक आलं होतं, आणि त्याला मांडीचं हवं होतं.